पुड्यावरची किंमत आणि किलोचा भाव

तूरडाळीचा अर्ध्या किलोचा पुडा ९५ रुपयांना आणि किलोचा १८२ रुपयांना असेल, तर कोणता घ्यावा हे सांगायला कागद-पेन्सिल लागत नाही. अर्ध्याची दुप्पट १९०, म्हणजे किलोत आठ रुपये वाचले. आता त्याच फळीवर ८७० ग्रॅमचं एक पाकीट १६९ रुपयांना ठेवलेलं आहे आणि त्याच्या शेजारी ‘१५ टक्के जादा’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं ५७५ ग्रॅमचं पाकीट १०९ रुपयांना आहे, असं धरा. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, पण अशी फळी कोणत्याही मोठ्या दुकानात दिसते. ८७० ग्रॅमच्या पाकिटाचा भाव किलोला १९४ रुपये पडतो, म्हणजे ते चारही पुड्यांत सर्वांत महाग. आणि ‘जादा’वालं पाकीट किलोला १८९ रुपये ५७ पैशांना पडतं. साध्या अर्ध्या किलोच्या पुड्यापेक्षा किलोमागे पन्नास पैसेही कमी नाहीत. डाळ १५ टक्के वाढली आणि किंमतही जवळजवळ तेवढीच वाढली.

यात फसवणूक म्हणावी असं काही नाही. वजन बरोबर, किंमत छापलेली, सगळं कायद्यात बसणारं. घाटा होतो तो तुलना करता येत नाही म्हणून. गर्दीच्या दुकानात, हातात पिशवी आणि सोबत मूल असताना १६९ ला ०.८७ ने कोण भागणार? मग माणूस पाकिटाच्या आकाराकडे बघतो, ओळखीच्या नावाकडे बघतो, नाहीतर सरळ छापील किमतीकडे बघतो. या लेखात मी जो आढावा घेतो आहे तो या एका गोष्टीचा: किराण्यात किंमत आणि भाव यांची फारकत कशी झाली, मोठा पुडा आणि घाऊक खरेदी खरोखर कुठे स्वस्त पडते, कुठे पडत नाही, आणि कायद्याने यावर काढलेला उपाय अर्धवट का राहिला.

सुट्या मालाच्या दुकानात हा प्रश्न नव्हता. वाण्याकडे किंमत नव्हतीच, भाव होता. पाटीवर सिहोर गहू, लोकवन गहू, कोलम, आंबेमोहर आणि पुढे किलोचा आकडा. किती घ्यायचं ते गिऱ्हाईक ठरवायचं. त्या व्यवस्थेचे दोष मोठे होते. काट्यात मारणं होतं, भेसळ होती, आणि एकच वस्तू ओळखीच्याला एका भावाने अन् परक्याला दुसऱ्या भावाने मिळत होती. ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक वजनं येऊ लागली, शेर आणि पायली हळूहळू मागे पडले. १९७७ च्या नियमांनी पॅकबंद मालावर निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव, किंमत छापणं बंधनकारक केलं, आणि १९९० मध्ये सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे आपली एमआरपी, आली. या सुधारणांचं महत्त्व मी कमी लेखत नाही. एमआरपीमुळे खेड्यातल्या गिऱ्हाइकालाही जास्तीचे पैसे मागणाऱ्या दुकानदाराला पाकीट उलटून दाखवता आलं. पण त्याच वेळी नजर भावावरून किमतीकडे सरकली. वजनही कंपनीने ठरवलं, किंमतही कंपनीने ठरवली, आणि या दोहोंचा भागाकार तेवढा गिऱ्हाइकावर सोडला.

या भागाकाराचा अंदाज निदान बोटांवर करता यावा, म्हणून कायद्यात एक जुनी तरतूद होती. चहा, कॉफी, बिस्किटं, खाद्यतेल, पीठ, तांदूळ, मीठ, दूध पावडर, साबण अशा १९ प्रकारच्या वस्तू ठरावीक वजनांतच पॅक करायच्या. २०११ च्या पॅकबंद वस्तू नियमांच्या दुसऱ्या परिशिष्टात त्या वजनांची यादीच होती. तेल १०० मिली, २०० मिली, अर्धा लिटर, एक लिटर, दोन लिटर, पाच लिटर असं. दोन कंपन्यांचे पुडे एकाच वजनाचे असले की छापील किंमत हाच भाव होतो, तुलना आपोआप होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने या नियमांत दुरुस्ती केली आणि हे परिशिष्टच काढून टाकलं. कंपनीला हव्या त्या वजनाचा पुडा काढायची मोकळीक मिळाली. बदल्यात दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत पुड्यावर छापायची. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून लागू व्हायची होती, ती तारीख पुढे गेली, पण अखेर लागू झाली. आज बहुतेक पाकिटांवर एमआरपीच्या जवळ यूएसपी ही तीन अक्षरं आणि एक छोटा आकडा दिसतो. त्याचा अर्थ एकक विक्री किंमत.

कल्पना उत्तम आहे. मी तिच्या बाजूने आहे, आणि म्हणूनच तिच्या उणिवांवर जरा थांबतो.

पहिली उणीव एककाची. नियमाप्रमाणे एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पुड्यावर दर ग्रॅमची किंमत, आणि एक किलोपेक्षा जास्त असेल तर दर किलोची. तेलासारख्या पातळ वस्तूंना हेच मिलिलिटर आणि लिटरमध्ये. म्हणजे ९०० ग्रॅमच्या पुड्यावर ०.१९ लिहिलेलं असणार आणि दीड किलोच्या पुड्यावर १८४. एक किलोच्या पुड्याची एमआरपी हाच किलोचा भाव, म्हणून तिथे वेगळा आकडा लागतच नाही. आपल्याला नेमकी तुलना करायची असते ती लहान आणि मोठ्या पुड्यांत, आणि नेमकं त्याच जागी एकक बदलतं. हजाराने गुणून बघा, असं दुकानात कुणी करत नाही.

दुसरी उणीव त्याहून गंभीर आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. हा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करायचा असतो. दर किलोच्या किमतीत दोन दशांश म्हणजे पैसे, तिथे काही बिघडत नाही. पण दर ग्रॅमच्या किमतीत एक पैसा म्हणजे किलोमागे दहा रुपये! समजा एका पिठाचा अर्ध्या किलोचा पुडा ३२ रुपयांना आहे आणि दुसऱ्याचा ८०० ग्रॅमचा ४५ रुपयांना. पहिल्याची दर ग्रॅम किंमत ०.०६४, दुसऱ्याची ०.०५६. दोन्ही पुड्यांवर छापलं जाणार ०.०६. प्रत्यक्षात एक किलोला ६४ रुपये पडतो आणि दुसरा ५६ रुपये २५ पैसे. पावणेआठ रुपयांचा फरक छापील आकड्यात पूर्ण नाहीसा झाला. हजारो रुपये किलोच्या वेलदोड्याला याने काही होत नाही. पीठ, रवा, पोहे, मीठ, साखर, म्हणजे रोजच्या खाण्यातला स्वस्त माल, त्यालाच याचा फटका बसतो. ज्याला भाव बघण्याची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वस्तूंवर हा आकडा निरुपयोगी ठरतो.

तिसरी उणीव मोठ्या दुकानांत जाणवते. हा भाव एमआरपीवरून काढलेला असतो. डीमार्टसारख्या दुकानात, किंवा आता गल्लीतल्या किराणा दुकानातही, माल एमआरपीला विकला जात नाही. एका पुड्यावर सवलत ५ टक्के, शेजारच्यावर १८ टक्के. छापलेल्या यूएसपीचा आणि तुम्ही मोजणार असलेल्या पैशांचा संबंध तिथेच तुटतो. खरा भाव फळीवरच्या कार्डावर पाहिजे, आणि त्या कार्डावर तो लिहिण्याची सक्ती आपल्याकडे नाही.

पुड्याचं वजन कोणत्या दिशेने सरकतं हे समजायला पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटांकडे बघावं. विलेपार्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पार्ले-जीचा लहान पुडा वर्षानुवर्षं चार आणि नंतर पाच रुपयांनाच मिळत राहिला. त्याचं वजन एके काळी १०० ग्रॅम होतं, ते टप्प्याटप्प्याने उतरत ५५ ग्रॅमपर्यंत आलं. गहू, साखर, तेल, मजुरी सगळं वाढत असताना पाच रुपयांचं नाणं तेवढंच राहिलं, आणि गिऱ्हाईक नाण्याला धरून होतं. एका कंपनीने केलेली ही क्लृप्ती नव्हे. शेव, चिप्स, साबण, चहापूड, सगळीकडे हेच झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर उतरले तेव्हा ही गाठ उलट बाजूने दिसली. पाच रुपयांच्या पुड्याची किंमत साडेचार रुपये अशी अडनिडी करायची की किंमत तीच ठेवून आत माल वाढवायचा, हा पेच कंपन्यांपुढे उभा राहिला. वजन वाढवलं तर ते गिऱ्हाइकाला दिसतच नाही. जसं कमी केलेलं दिसलं नव्हतं.

लहान पुडी महाग आणि मोठा पुडा स्वस्त, हा आपला सर्वसाधारण समज. बहुतेक वेळा तो खरा ठरतो: पाकिटाचा कागद, भरण्याचा खर्च, दुकानदाराचं कमिशन हे लहान पुडीवर प्रमाणाने जास्त बसतं. पण शाम्पूने हा समज खोटा ठरवला आहे. तमिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन यांना शाम्पूच्या पुडीचे जनक मानतात, आणि त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ पासून चिक शाम्पूच्या रूपाने ती खेडोपाडी नेली. पुढे सगळ्या मोठ्या कंपन्या रुपया-दोन रुपयांच्या पुडीच्या स्पर्धेत उतरल्या. रुपयाच्या पुडीत साधारण पाच-सहा मिलिलिटर शाम्पू येतो, म्हणजे मिलिलिटरला १८ पैशांच्या आसपास. १८० मिलीची बाटली १२० रुपयांना धरली तर मिलिलिटरला ६७ पैसे. पुडीचं गिऱ्हाईक रुपयाला पक्कं बांधलेलं, तिथे किंमत वाढवली की ते दुसऱ्या पुडीकडे वळतं. बाटलीचं गिऱ्हाईक सोयीसाठी जास्त मोजतं. प्लास्टिकचा कचरा पुडीने वाढवला हे खरंच आहे, आणि ज्यांच्या गावातल्या गटारी या पुड्यांनी तुंबतात त्यांना तिचं कौतुक सांगता येणार नाही. पण पैशांच्या हिशेबात मोठं म्हणजे स्वस्त हा नियम नव्हे, एवढं तरी यातून घ्यावं. पुढच्या वेळी डिटर्जंटची तीन किलोची पिशवी उचलताना शेजारच्या एक किलोच्या पिशव्यांवर काय सवलत आहे ते बघावं.

आता तेल. मराठी घरातल्या किराण्यात सर्वांत मोठी रक्कम बहुधा याच ओळीत असते आणि सर्वांत मोठा घोळही इथेच आहे. तेल लिटरमध्येही विकतात आणि किलोमध्येही, आणि लिटर म्हणजे किलो नव्हे. सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. त्यामुळे १५ लिटरचा डबा वजनाने सुमारे १३ किलो ६५० ग्रॅमचा, आणि १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरच्या आसपास तेल. दोन्ही डबे दिसायला सारखे, दोन्हींवर १५ चा आकडा मोठा. समजा १५ किलोचा डबा २४०० रुपये आणि १५ लिटरचा २२५० रुपये. दीडशे रुपये वाचले म्हणून लिटरचा डबा घरी आणला, तर किलोला १६० ऐवजी १६५ रुपये मोजले गेले. डब्यामागे १ किलो ३५० ग्रॅम तेल कमी आलं, ते वेगळं सांगायला नको.

पिशवीचंही तसंच. प्रमाण वजनांची यादी गेल्यापासून ९१० ग्रॅमच्या लिटरच्या पिशवीशेजारी ८५० आणि ८०० ग्रॅमच्या पिशव्या आल्या. पिशवी तेवढीच फुगीर दिसते. लिटरची १५५ रुपयांना आणि ८५० ग्रॅमची १४८ रुपयांना असेल, तर पहिली किलोला १७० पडते आणि दुसरी १७४. सात रुपये कमी मोजून चार रुपये जास्त भाव दिला जातो. यात तापमानाचा मुद्दाही होता. तेल तापलं की फुगतं, म्हणून काही उत्पादक पिशवीवर ‘६० अंश सेल्सिअसला एक लिटर’ असं लिहीत. केंद्राने २०२२ मध्ये दिलेल्या उदाहरणाप्रमाणे एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. कुणाच्या स्वयंपाकघरात तेल ६० अंशांवर ठेवलेलं असतं? तापमानाचा उल्लेख काढा आणि लिटरसोबत वजन छापा, अशी सूचना उत्पादकांना दिली गेली आणि त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत होती. आता वजन छापलेलं मिळतं, हा सरळ फायदा. तेल घेताना लिटरचा आकडा सोडून ग्रॅमचाच आकडा वाचावा, एवढी एक सवय लावली तरी वर्षाकाठी घरात फरक दिसेल.

तेलाचा भाव किलोला का सांगत नाहीत, हे मला पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही. कढईत पडतं ते वजनच.

तांदळाच्या पिशवीत करानेही हात घातला आहे. १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद आणि लेबल लावलेल्या धान्य, डाळी, पिठावर ५ टक्के जीएसटी आला, पण २५ किलोपर्यंतच्या पिशवीवर. त्यावरच्या वजनाला तो नव्हता. लगेच बाजारात २६ किलोचे कट्टे दिसू लागले. दोन्ही कट्ट्यांतला तांदूळ एकच, फरक एका किलोचा, आणि एवढ्याने कर वाचतो. मोठं कुटुंब असेल आणि तांदूळ रोजचा असेल, तर २६ किलोच्या कट्ट्याची चौकशी जरूर करावी. वाण्याकडे पोत्यातून सुटा तोलून घेतला तर हा कर नाहीच.

घाऊक खरेदीचा विचार करताना आपण तीन वेगळ्या बचतींना एकच समजतो, आणि म्हणून बरेचदा चुकीच्या जागी मोठी खरेदी करतो. एक बचत वजनाची: जास्त घेतलं म्हणून भाव कमी. दुसरी हंगामाची: गहू मार्च-एप्रिलमध्ये येतो, नवा तांदूळ दिवाळीनंतर, तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत, मिरची उन्हाळ्याच्या तोंडावर. तेव्हा भाव उतरलेला असतो, मग तुम्ही दहा किलो घ्या की दोन क्विंटल. तिसरी बचत मधल्या हातांची: पुण्यात मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून, नागपुरात इतवारीतून, मुंबईकरांनी वाशीच्या दाणाबंदरातून किंवा धान्य महोत्सवात थेट शेतकऱ्याकडून घेतलं की किरकोळ दुकानाचा आणि कधी व्यापाऱ्याचाही हिस्सा वाचतो. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरून ठेवणाऱ्या आपल्या आज्या-आयांच्या पद्धतीत दुसरी आणि तिसरी बचत मोठी होती, पहिली लहान. मॉलमधल्या ‘मेगा पॅक’मध्ये फक्त पहिली असते, आणि तीही असेलच असं नाही.

वर्षाच्या गव्हाचा साधा हिशेब मांडून बघू. समजा दोन क्विंटल गहू हंगामात किलोमागे चार रुपये स्वस्त मिळाला. बचत ८०० रुपये. वाहतूक आणि हमालीचे २०० गेले. पाच किलोला सोंडे लागले तर दोनेकशे रुपये तिकडे. सात-आठ हजार रुपये एकदम गुंतले, ते कर्जाऊ किंवा क्रेडिट कार्डावर असतील तर व्याजात उरलेली बचतही जाते. म्हणजे जागा, कोरडी हवा आणि हातात पैसा असेल त्याच घरात ही खरेदी परवडते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात धान्याला कडक ऊन देऊन, कोठीत कडुनिंबाचा पाला घालून ते वर्षभर नीट राहतं. कोकणात किंवा गोव्यात चार महिने हवाच ओली. तिथे तीच खरेदी तीन-चार महिन्यांपुरती करावी. मुंबईतल्या वन-रूम-किचनमध्ये पलंगाखाली पोतं सरकवून कुणी ती केली, तर त्या जिद्दीचं मला कौतुक आहे, पण किलोमागच्या चार रुपयांसाठी ती सक्ती वाटू नये.

प्रत्येक जिन्नसाचा टिकण्याचा काळ हा या हिशेबातला दुसरा भाजक आहे. विकत घेतलेल्या किलोचा भाव नव्हे, खाल्लेल्या किलोचा भाव मोजायचा. अख्खा गहू वर्ष काढतो, दळलेलं पीठ पावसाळ्यात महिनाभरात उतरतं. जुना तांदूळ उलट मोकळा आणि चांगला शिजतो. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात लावून ठेवली की टिकते, बेसन आणि रव्याला मात्र जाळी धरते, म्हणून रवा भाजून ठेवायची रीत. शेंगदाणे कवचात टिकतात, सोललेले लवकर खवट होतात, आणि त्यांचं कूट त्याहून लवकर. अख्खी धने-मिरी वर्षभर चालते. तेच दळलेल्या मसाल्याचं अर्ध्या किलोचं पाकीट चौघांच्या घरात संपेपर्यंत त्याचा वास गेलेला असतो, म्हणून त्यात टाकलेला प्रत्येक रुपया अर्धाच उरतो. आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. फरसाण, बिस्किटं, सॉस, सरबत यांचा मोठा पुडा घरात आला की खाणंही वाढतं. तिथे किलोचा भाव कमी होतो आणि महिन्याचं बिल वाढतं. मीठ, साखर, साबण यांचं असं होत नाही.

या सगळ्यात ज्याला निवडच नाही त्याचं काय? रोजंदारीवर काम करणारी बाई संध्याकाळी घरी जाताना १० रुपयांची चहापूड, पावशेर डाळ आणि पावकिलो तेल घेते, कारण हातात त्या दिवसाचेच पैसे असतात. तिला चहा किलोमागे जो भाव पडतो तो एक किलोचा डबा घेणाऱ्या घरापेक्षा जास्त असू शकतो. खाद्यतेल सुटं विकायला २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई केली, राज्य सरकार सूट देईल तेवढा अपवाद. भेसळीच्या दृष्टीने मनाई योग्यच आहे. मोहरीच्या तेलातल्या भेसळीने १९९८ मध्ये दिल्लीत माणसं मेली होती. पण त्यामुळे सुटं तेल घेणाऱ्याला लहान पिशवीचा चढा भाव द्यावा लागतो, याची भरपाई कुणी केली नाही. हिशेब येतो पण पैसा एकरकमी नाही, अशा घराला ‘मोठा पुडा घ्या’ हा सल्ला देणं मला लाजिरवाणं वाटतं.

या प्रश्नाचं एक खरं उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी दिलं होतं: एकत्र खरेदी. १९४८ मध्ये नायगावच्या गिरणी कामगारांनी ग्राहक सहकारी संस्था उभी केली, तिचाच पुढे ‘अपना बाजार’ झाला. बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारच्या काही कुटुंबांचा एक संघ, महिन्याची एकत्र मागणी, घाऊक बाजारातून निवडून घेतलेला माल, आणि तो एका घरी उतरवून सभासदांनीच वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत. दुकान नाही, जाहिरात नाही. मोठ्या पोत्याचा भाव मिळतो आणि घरात येतो तो आपल्याला लागेल एवढाच माल; साठवणीचा आणि नासाडीचा प्रश्न उरत नाही. आज प्रत्येक सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. तांदळाचा कट्टा चौघांत, तेलाचा डबा दोघांत वाटून घ्यायला एक वजनकाटा आणि थोडा विश्वास एवढंच लागतं. बचत गटांच्या बायका हे कित्येक गावांत करतातही. पण नोकरीच्या वेळा, वाटणीचे दोन तास, सुट्या पैशांचा हिशेब यांना लोक कंटाळतात, आणि दहा मिनिटांत घरी येणारं पाकीट जिंकतं. त्या दहा मिनिटांच्या अ‍ॅपवर लहान पुडेच पुढे दिसतात, वर पोचवण्याचा आकार. काही अ‍ॅपवर मालाखाली १०० ग्रॅमचा भाव दिसतो, काहींवर नाही.

मुलांकडे सिडनी-मेलबर्नला गेलेल्या अनेकांनी तिथल्या दुकानात फळीवरच्या कार्डावर किमतीखाली दुसरा एक आकडा पाहिला असेल. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २००९ पासून मोठ्या किराणा दुकानांना तो लिहावाच लागतो. प्रत्येक प्रकारच्या वस्तूला एकच एकक, आणि भाव दुकान ज्या किमतीला विकतं आहे तिच्यावरून काढलेला, छापील किमतीवरून नव्हे. युरोपीय संघाने १९९८ मध्येच किलो-लिटरच्या भावाचा निर्देश काढला होता. फ्रान्सने १ जुलै २०२४ पासून आणखी पुढचं पाऊल टाकलं: पुड्याचं वजन घटवून किलोचा भाव वाढवला असेल, तर मोठ्या दुकानांनी त्या वस्तूजवळ दोन महिने तशी पाटी लावायची.

आपल्याकडे पुड्यावर आकडा छापण्याची सक्ती आलीच आहे, म्हणजे तत्त्व मान्य झालं आहे. उरलं आहे ते त्याला कामाचं करणं. दर ग्रॅमचा आकडा बंद करून एका वस्तूच्या सगळ्या पुड्यांवर एकाच एककाचा भाव यावा, पुडा ५० ग्रॅमचा असो की पाच किलोचा. तेलाला लिटर नको, किलो हवा. आणि ज्या दुकानांचं बिल संगणकावर निघतं, त्यांनी फळीवरच्या कार्डावर विक्रीच्या किमतीचा भाव तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहावा. त्या संगणकात वजनही आहे आणि किंमतही, कार्ड छापताना एक ओळ वाढते इतकंच. वस्तूंची यादी करायची झाली तर धान्य, डाळी, पीठ, साखर, तेल यांना किलो. चहा, कॉफी, मसाले, सुका मेवा यांना १०० ग्रॅम. शाम्पू आणि फरशी पुसायच्या द्रवाला १०० मिली. वैधमापन विभागाला ही यादी एका पानात बसवता येईल.